बोथट चोचीच्या सहा कोंबड्या

तेरा वर्षं मी एका अंड्यांच्या पोल्ट्रीवर सुपरवायझर आहे. मुरबाडहून सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, भातशेतांच्या मागे, तीन लांबलचक शेड आहेत. गावात पाहुणे आले की नाकाला रुमाल लावून विचारतात, हा वास कसला. मला तो वास यायचाच नाही. दुपारचा डबा मी शेडच्या दारातल्या बाकावर बसून खायचो. सकाळी पिंजऱ्यांतून मेलेल्या कोंबड्या पायाला धरून बाहेर काढायच्या, बादलीत टाकायच्या, खड्ड्यात ओतून वर चुना मारायचा, हात धुवायचे आणि चहा प्यायचा, अशी माझ्या दिवसाची सुरुवात. घाण म्हणजे काय ते मला पुरेपूर माहीत आहे आणि तिचं मला काही वाटत नाही, अशी माझी समजूत होती. दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात ती मोडली, आणि तीही माझ्याच घराच्या परसात.

माझ्या बायकोच्या गावठी कोंबड्या आहेत. तेव्हा आठ होत्या, आणि एक तांबडा कोंबडा. दिवसभर उकिरडा उकरत फिरायच्या आणि अंधार पडायच्या आत आपल्या पायांनी खुराड्यात जाऊन बसायच्या. त्यांत एक थोराड काळी कोंबडी होती. दाणे टाकले की आधी ती खाणार, मग बाकीच्या. बायकोचा या सगळ्यांवर फार जीव. मी तिला चिडवायचो.

"दहा दिवस अंडी देतात आन् महिनाभर खुडूक बसतात. आमच्या शेडवरची बग, रोजचं एक अंडं. सुट्टी नाय."

"मंग आणा की एकदा तुमच्या शेडवरची," ती म्हणायची.

सव्वा-दीड वर्ष अंडी दिली की शेडवरची बॅच संपते. अंडी कमी होत जातात, खाद्य मात्र तेवढंच लागतं. मग व्यापाऱ्याची गाडी येते आणि सगळ्या कोंबड्या कापायला जातात. गाडी भरायच्या दिवशी कामगारांना दोन-दोन कोंबड्या रश्शासाठी नेऊ देतात. त्या वर्षी नवरात्र तोंडावर आलं होतं, बहुतेकांना नको होत्या. मी सहा मागून घेतल्या, क्रेटमध्ये भरून बाइकला बांधल्या. दया वगैरे काही आली नव्हती. बायकोला दाखवायचं होतं, रोज अंडं देणारी कोंबडी कशी असते ते.

परसात क्रेट उतरवला तेव्हा आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. बायको हात पुसत बाहेर आली, आत वाकून बघितलं आणि मागे सरकली.

"अवो, ह्या आजारी हायेत काय?"

तोपर्यंत मला त्यात वेगळं काही दिसलं नव्हतं. ती बोलली म्हणून मी बघितलं. पांढऱ्या कोंबड्या, पण माना पिंजऱ्याच्या तारेला घासून उघड्या पडलेल्या, कातडी लाल. तुरे फिकट गुलाबी, एका डोळ्यावर लोंबणारे. नखं वाढून आत वळलेली. बुडाखालची पिसं विष्ठेनं चिकटून वाळलेली, त्याचे कडक गोळे झालेले. शेडमध्ये अशा हजारो असतात आणि एकसारख्या असल्या की त्या बऱ्याच दिसतात.

आईनं सूप बाजूला ठेवलं. "ह्यांना आठ दिस वेगळं ठेव रे. मधी जाळी लाव. एकमेकींना बगू दे. एकदम सोडलंस तर ती काळी फाडून खाईल."

"आई, अकरा वर्षं मी कोंबड्यांतच हाय. ह्या सहांचं काय घेऊन बसलीस?"

"तुज्या कोंबड्या पिंजऱ्यात असतात. त्या जाऊन जाऊन कुठं जातील भांडायला?"

मी हसलो. त्या रात्री सहाही कोंबड्यांवर बांबूची मोठी डाल उपडी घातली आणि सकाळी कामावर जायच्या आधी ती उचलली. आता इकडंतिकडं धावतील म्हणून मी बाजूला झालो. एकही हलली नाही. डाल निघून गेली तरी त्या डालीच्याच आकारात, गोल, एकमेकींना चिकटून, रात्रभराच्या आपल्याच पातळ हिरवट विष्ठेत बसून राहिल्या. बायकोनं तांदळाची कणी टाकली. एकीनं पाय उंच उचलत दोन पावलं टाकली, तापलेल्या तव्यावरून चालावं तशी. जन्मापासून तारेवर उभी राहिलेली, तिला माती ठाऊक नव्हती. ती कणीवर चोच मारू लागली. दाणा चोचीत येईना. पुन्हा मारी, दाणा निसटून पुढं जाई.

बायकोनं तिला उचललं. "हिची तर चोच तुटल्याय. वरची अर्धीच हाय."

"कापलेली असते. सगळ्यांचीच असते."

"कशाला?"

"एकमेकींना टोचू नयेत म्हणून."

ती बाकीच्यांच्या चोची बघायला लागली. एकेकीचं तोंड वर करून बघत होती. वरची चोच बोथट, खालची तिच्यापुढं आलेली, एखाद्या फावड्यासारखी. तिनं शेवटची खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

मी खुराडं उघडलं आणि काळी बाहेर आली. मानेची पिसं फुलवून तिनं एक फेरी मारली आणि सगळ्यात जवळच्या पांढरीच्या तुऱ्यावर टोच मारली. गावठी कोंबडी असती तर पळाली असती किंवा उलटली असती. ही दोन्ही करेना. तिनं मान जमिनीला लावली आणि तशीच पडून राहिली. काळी तिच्या पाठीवर चढली. मग बाकीच्या आल्या, कोंबडाही आला. बघता बघता पांढऱ्या पिसांवर रक्ताचे ठिपके उठले. बायको केरसुणी घेऊन धावली.

"राहू दे," मी म्हटलं. "ओळख होतेय त्यांची. दोन तासांत शांत होतील."

आणि मी बाइकला किक मारून कामावर गेलो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. बायको रानात चाऱ्याला गेलेली. आई पडवीत नव्हती, आत झोपली असावी. मी परसात गेलो आणि मला बरं वाटलं. धुण्याच्या दगडाजवळ सगळ्या कोंबड्या गोल करून उभ्या होत्या. काळी, तिच्या बाजूला दोन पांढऱ्या, मग कोंबडा, मग आणखी एक पांढरी. माना खाली घालून एकत्र खात होत्या. मला वाटलं, जमलं.

जवळ गेलो तेव्हा दिसलं. मधे एक पांढरी आडवी पडली होती. अंडं घालताना तिचं अंग बाहेर आलं असणार. जुन्या कोंबड्यांचं येतं, शेडवर रोज एखादीचं येतं. ते लाल, ओलं मांस बघून त्यांनी तिथं टोचायला सुरुवात केली होती आणि मग आतलं ओढलं होतं. काळीच्या चोचीत आतड्याचं एक टोक होतं, दुसरं टोक एक पांढरी आपल्या फावड्यासारख्या चोचीनं खेचत होती. सकाळी जिला तांदळाचा दाणा उचलता येत नव्हता तिला हे येत होतं. तिच्या तोंडाभोवतीची पिसं छातीपर्यंत भिजून लाल झाली होती. आणि मधली ती मेलेली नव्हती. तिचा डोळा उघडझाप करत होता.

मी ओरडलो, लाथ मारली. कोंबड्या हातभर मागं सरल्या आणि पुन्हा पुढं आल्या. मी तिला उचलून मान पिरगाळली. हे मी रोज करतो, मला त्याचं काही नाही. पण हातात तिचं ऊन ऊन अंग आणि माझ्या मनगटावरून काहीतरी ओघळत कोपरापर्यंत गेलं तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. खाली बघितलं तर एक पांढरी माझ्या चपलेवर पडलेला थेंब टोचत होती.

आई काठी टेकत दारात आली. "दुपारपास्नं चाललंय रे," ती म्हणाली. "मी काठी आपटली, वरडले. मला उतरता येत नाय. तुज्या त्या पांढऱ्या पन खात व्हत्या. तिच्याच संगतीच्या." मग "शी," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. घरात कुणाला ती कोंबडी शिजवायची नव्हती, मलाही नाही. मी ती बांधाला पुरली. बायको आल्यावर तिला सांगितलं तेव्हा तिनं काळीला खुराड्यात कोंडलं. नंतर रात्री जेवताना म्हणाली, "त्या पांढऱ्यांच्या अंड्यांना मी हात लावणार नाय. नवरात्र झाल्यावर पन नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं की पांढऱ्या चारच दिसतात. पाचवी कुठं गेली कळेना. बांधापर्यंत शोधली. मुंगसानं नेली असेल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी सरपणाच्या राशीमागून वास यायला लागला. मला वास आला, हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला असले वास येत नाहीत. लाकडं बाजूला केली तर ती आत तोंड खुपसून बसली होती, जिवंत. पाठीवर, शेपटीच्या वर, रुपयाएवढी जागा उघडी पडली होती आणि ती जागा हलत होती. अळ्या. बारीक, पांढऱ्या, एकमेकींवर चढणाऱ्या. मी हात लावला तशा त्या मांसात खाली शिरल्या.

"टाकून येतो लांब," मी म्हटलं.

"हाय जिवंत आन् टाकता?" बायको म्हणाली. आतून आई ओरडली, "सीताफळाचा पाला ठेचून लाव गो. बैलाला लावतात तसा. अळ्या वर येतात."

बायकोनं पाला वाटला. आम्ही दोघं धुण्याच्या दगडापाशी बसलो. तिनं कोंबडी मांडीवर धरली, मी जखमेत पाल्याचा हिरवा लगदा भरला. थोड्या वेळानं अळ्या खरंच वर यायला लागल्या. बायकोच्या भुवया कोरायचा चिमटा होता, त्यानं मी एकेक काढून राखेत टाकत होतो. त्या राखेत वळवळत होत्या. जखमेतून पिवळं पाणी येत होतं, त्याला गोडसर वास होता. माशा माझ्या ओठांवर बसत होत्या आणि त्या कुठून उठून आल्यात ते मला माहीत होतं. वीसेक अळ्या काढल्या असतील, मी उठलो आणि पेरूच्या झाडाखाली जाऊन भडाभडा ओकलो.

परत येऊन बसलो तेव्हा बायकोनं चिमटा आपल्या हातात घेतला होता. कोंबडी आता मी धरली. तिचं डोकं माझ्या अंगठ्याजवळ होतं, चोच थोडी उघडी.

"ही चोच कोन कापतं?" बायकोनं मान वर न करता विचारलं.

"मशीन असतं. पातं तापून लाल होतं."

"मशीनमधी कोंबडी कोन धरतं?"

मी कोंबडीच्या चोचीवरची माशी हाकलली.

"तुमी घरी येऊन सांगायचे, आज मशीनवर होतो. मला वाटायचं खाद्य दळायचं मशीन."

"पिल्लं असतात तेव्हा. दहा दिवसांची. दोन सेकंदांचं काम असतं."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

तिनं आणखी एक अळी काढली. "ह्या सहा पन तुमच्याच हातच्या?"

असतील. त्या बॅचला मशीनवर मी आणि आणखी एक जण होतो. पिल्लू मुठीत घ्यायचं, अंगठा डोक्यामागं, बोट गळ्याखाली, चोच भोकात, चर्र, की पुढचं. नख जळल्याचा वास. तो मात्र मला पहिल्या दिवशी आला होता, नंतर कधी आला नाही. मी म्हटलं, "असतील."

तिनं चिमटा धुतला आणि फेकून दिला. जखमेवर हळद आणि खोबरेल, वर काजळी, लाल रंग दिसू नये म्हणून. आईनं सांगितलेलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. जखमी कोंबडी शेडवर बरी करत नाहीत.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. खुराड्याला लागून चार बांबू रोवले, जुनं मासे धरायचं जाळं बांधलं आणि पांढऱ्यांना आत ठेवलं. आई पडवीतून सांगायची, मी करायचो. दाणे जमिनीवर टाकायचे नाहीत, घमेल्यात जाड थर भरून द्यायचे, म्हणजे त्या खालच्या चोचीनं उपसून खातात. गावठींना जाळ्याच्या बाहेर, अगदी लागून, त्याच वेळी टाकायचे. पाणी मोठ्या परातीत ठेवलं तर पांढऱ्या पिईनात. शेडवर पाणी वरच्या नळीच्या टोकाला टोचून थेंब थेंब प्यायचं असतं. भर उन्हात चोची उघड्या टाकून धापा टाकत परातीच्या काठाला उभ्या होत्या, पण पाणी खाली असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी प्रत्येकीचं तोंड धरून बुडवलं. माझ्या बोटांवर त्यांची लाळ यायची, तिला सडक्या खाद्याचा वास होता, आणि रोज मला वाटायचं, उद्या ह्या व्यापाऱ्याला देऊन टाकू.

एक त्या जाळ्यातच मेली. जखम नाही, काही नाही, सकाळी उताणी पडलेली. उरल्या चार.

आठ दिवसांचे आईनं पंधरा करायला लावले. दसरा झाला, भातं कापायला आली. एके दिवशी संध्याकाळी, गावठी कोंबड्या चरून पोटं भरून आल्यावर, जाळ्याची एक बाजू उचलली. काळी आत आली. मी काठी घेऊन उभा होतो. तिनं एकीला टोचलं, पिसं उपटली. पांढरी मान टाकून बसली नाही, फडफडत घमेल्याच्या मागे गेली. काळीनं तिचा नाद सोडला आणि घमेल्यातलं खायला लागली. बायको कुडाला टेकून बघत होती. "झालं," ती म्हणाली. "ह्यापरीस जास्त काय व्हणार नाय." आणि तसंच झालं. त्यांची मैत्री अशी कधी झाली नाही. गावठी खाऊन बाजूला झाल्या की पांढऱ्या खायच्या. खुराड्यातल्या दांडीवर त्यांना चढता आलं नाही, त्या खालीच बसायच्या आणि वरच्यांची विष्ठा रात्रभर त्यांच्या पाठीवर पडायची. सकाळी मी त्यांना ओल्या फडक्यानं पुसायचो आणि ते करताना दुसरीकडं बघायचो.

दिवाळीनंतर शेडवर नवी पिल्लं आली. दहाव्या दिवशी मशीन लावलं. मी स्टुलावर बसलो, पहिलं पिल्लू मुठीत घेतलं आणि तो वास आला. पहिल्या दिवशी आला होता तसाच. पिल्लू अजून भोकात घातलंही नव्हतं, शेजारच्याचं चाललं होतं, त्याचा वास. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी पिल्लू खोक्यात ठेवलं आणि मालकाकडं जाऊन म्हटलं, मला हे काम नको, अंडी निवडायला द्या, खाद्याला द्या.

"काय झालं?" मालक म्हणाला.

"वास सहन होत नाय."

"अकरा वर्षांनी?" तो हसला. पण माणूस वाईट नाही. त्यानं दुसऱ्याला बसवलं आणि मला खाद्याच्या गोडाऊनला पाठवलं. तिथून मशीनचा आवाज येत नव्हता. मला एकदम मोकळं वाटलं आणि त्या मोकळं वाटण्याचीच मला किळस आली, कारण पिल्लं तितकीच होती आणि पातंही तेच होतं. तरी मी परत गेलो नाही. गोण्या मोजत बसलो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती मिरच्या खुडत होती.

"मंग कापल्या कोनी?"

"दुसरा बसला."

"म्हंजे कापल्याच," ती म्हणाली. रागानं नाही. मिरचीचं देठ काढावं तितक्या सहज.

नोकरी मी सोडलेली नाही. घरापासून दहा मिनिटांवर दुसरी कुठली आहे? शहापूरला, आसनगावला गोडाऊन झाली आहेत, पण तिथं पोरं घेतात, माझ्या वयाचा माणूस घेत नाहीत. मशीनवर मात्र बसलेलो नाही. डबा हल्ली शेडच्या दारात खात नाही, रस्त्यापलीकडं आंब्याखाली जाऊन खातो. बाकीचे चिडवतात, साहेब झाला म्हणून.

चारांतल्या दोन गेल्या पावसाळ्यात गेल्या. दोन आहेत. पाठीवर जखम झालेली ती त्यातलीच एक. त्या जागेवर पिसं आलीच नाहीत, गुळगुळीत गुलाबी डाग आहे, आणि मला त्याच्याकडं बघवत नाही. अंडं आता आठवड्यातून एखादं देते, पातळ कवचाचं. बायको ते उचलत नाही. आई उचलते, उकडून खाते, आणि मला विचारते, "अर्धं देऊ काय रे?"

मी नको म्हणतो.